निकालाच्या दिवशीच थांबणारी गाडी

गाडीत चढण्याआधी तिचे नियम ऐकून घ्या. ही लाल एसटी आरमोरीच्या स्थानकातून सुटते आणि आरमोरीतच थांबते. बदलते ते साल. गडचिरोलीचा रस्ता, वडशाचा रस्ता, ब्रह्मपुरीकडे निघालात की आडवी येणारी वैनगंगा, सगळे जागच्या जागी राहते. गाडी थांबते ती जिल्हा परिषदेच्या निवडणुकीचा निकाल लागतो त्या दिवशीच. मधल्या वर्षांत कितीही घंटी ओढा, ड्रायव्हर ब्रेकवर पाय ठेवणार नाही. तिकिटाचे पैसे सुट्टे ठेवा. आजची पाचशेची नोट पुढे केलीत तर १९६२ चा कंडक्टर ती उलटीसुलटी पाहील आणि मुलांना खेळायला न्या म्हणून परत करील.

आणखी एक. उतरल्यावर जिंकलेल्याच्या मागे धावू नका. त्याला पाहायला अख्खे गाव आहे. तुम्ही पडलेला उमेदवार शोधा. तो कुठे उभा आहे, कोण त्याच्याशी बोलते, कोण तोंड चुकवते, एवढे पाहिलेत तरी तिकीट वसूल.

बसा. सुटतेय.

१९६२

उतरताच नाकात शिरतो तो कोशाचा वास. टसरचे कोसे उकळत ठेवलेली भांडी, त्यामागे मागांची खटखट. आरमोरीचा कोसा दूरवर जातो आणि गावाला त्याचा अभिमान आहे. रस्त्यावर बैलगाड्या, एखाददुसरी सायकल. तुम्ही सहज कुणाला तरी विचारता, "गडचिरोली जिल्ह्याचा निकाल लागला का?" तो तुमच्याकडे वेड्यासारखा पाहतो. गडचिरोली ही तहसील आहे, बापू. जिल्हा चांदा. इथून शंभराहून अधिक किलोमीटर. वडशाला जाऊन नॅरोगेज गाडी धरा, नागभीडवरून चांदा फोर्टला उतरा, तेव्हा कुठे जिल्ह्याचे ठिकाण दिसते.

म्हणून तर आजचा दिवस नवलाचा. आजवर चांद्याला जायचे ते कोर्टाच्या कामासाठी किंवा कलेक्टरसाहेबांपुढे हात जोडायला. आता आरमोरीकडचा एक माणूस तिथे खुर्चीवर बसणार, आणि त्याला तिथे पाठवले आहे इथल्या लोकांनी.

मतमोजणीच्या खोलीबाहेर गर्दी आहे, पण गोंगाट नाही. आत मतपत्रिकांच्या घड्या उलगडल्या जातात, एकेक कागद उजेडाकडे धरला जातो, ज्याचा त्याच्या ढिगावर ठेवला जातो. वेगळ्या कोपऱ्यात अवैध मतांचा ढीग वाढतो. काम सावकाश चालते. बाहेर बसलेले लोक बिड्या ओढतात, कुणी आडवे होतात. शेजारचा म्हातारा तुम्हाला समजावतो की हे सगळे 'जनपद'चेच आहे. तो अगदी चुकत नाही. मध्य प्रांताच्या १९४८ च्या कायद्याने तहसिलीतहसिलीत जनपद सभा आल्या होत्या, आणि विदर्भ महाराष्ट्रात आला तरी त्या नावाची सवय सुटलेली नाही. त्याही आधी चांद्याला डिस्ट्रिक्ट कौन्सिल होती. मध्य प्रांताचा स्थानिक स्वराज्याचा कायदा १८८३ चा. खुद्द इंग्लंडमध्ये डिस्ट्रिक्ट कौन्सिल नावाच्या संस्था आल्या १८९४ च्या कायद्याने. नाव इथे अकरा वर्षे आधी पोचले. अधिकार मात्र पोचले नाहीत: इथल्या कौन्सिलवर सरकार आपली काही माणसे नेमत असे, आणि नेमलेला माणूस कशाला कुणाला भिईल?

नवा कायदा त्याहून पुढचा आहे. बलवंतराय मेहता समितीने १९५७ मध्ये तीन पायऱ्यांची पंचायत राज व्यवस्था सुचवली. महाराष्ट्रात महसूलमंत्री वसंतराव नाईक यांच्या समितीने १९६१ मध्ये अहवाल दिला आणि जोर जिल्ह्याच्या पातळीवर ठेवला. कलेक्टर परिषदेबाहेर राहील, परिषदेचा कारभार लोकांनी निवडलेले सदस्य पाहतील, आणि हुकूम बजावायला मुख्य कार्यकारी अधिकारी असेल. प्राथमिक शाळा, दवाखाने, गावरस्ते, लहान पाटबंधारे, गुरांचा दवाखाना, सगळे परिषदेकडे. १ मे १९६२ पासून हा कायदा लागू झाला. बाहेर आडवे झालेल्यांपैकी कुणी तो वाचलेला नाही. पण शाळेचा मास्तर आता कुणाच्या हाताखाली येणार, हे प्रत्येकाला नेमके ठाऊक आहे.

निकाल सांगितला जातो. आरोळी उठते. आता तुमचे काम: पडलेला शोधा.

तो तिथे, झाडाखाली. पांढरे धोतर, काठी, वहाणा जरा बऱ्या. काल-परवापर्यंत गावचा मालगुजार, म्हणजे सारा वसूल करणारा गावमालक. १९५१ मध्ये मालगुजारी गेली, कागद सरकारजमा झाले, पण लोकांच्या मानेचा वाक अजून गेलेला नाही. गावाबाहेरचा तलाव त्याच्या आजोबाने बांधला, पाणी कोणाच्या बांधीत आधी सोडायचे हे त्याच्या घरी ठरे. ह्या झाडीत असे शेकडो तलाव आहेत. पुढे त्यांना माजी मालगुजारी तलाव म्हणतील आणि मग नुसते 'मामा तलाव'. त्यांतले लहान तलाव जिल्हा परिषदेच्या वाट्याला येतील.

त्याच्यापाशी एक शेतमजूर येतो. सवयीने वाकतो, आणि अर्ध्यावर थांबतो. नमस्कार करतो, पण उभ्याने. मालगुजार त्याला नावाने विचारतो, "तूही त्यालाच दिलास का?" मजूर उत्तर देत नाही. गरजही नाही. ह्या गावात त्याच्या बापाला, आजोबाला मालगुजाराचा राग आला असेल, पण राग दाखवून सुखरूप घरी परतता येईल अशी जागा त्यांना मिळाली नव्हती. आज ती मिळाली आहे. एका कागदावर शिक्का मारला, घडी घातली, पेटीत टाकली. कुणाला कळले नाही, आणि मालगुजार पडला.

निघण्यापूर्वी म्हाताऱ्याला एक गंमत सांगायचा मोह होईल. याच वर्षी नोव्हेंबरात, चीनच्या युद्धामुळे मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाण दिल्लीला जातील आणि नवे मुख्यमंत्री होतील ते चांद्याचे मारोतराव कन्नमवार, वैनगंगेपलीकडच्या सावलीचे आमदार. सांगू नका. म्हाताऱ्याचा विश्वास बसणार नाही, आणि गाडीचा हॉर्न वाजतो आहे.

१९६७, १९७२

दोन थांबे आहेत. उतरायची गरज नाही, खिडकीतून पाहा. गर्दी वाढली आहे, धोतरे कमी झाली आहेत, जीप दिसू लागली आहे. पहिल्या खेपेस निवडून आलेला माणूस आता सभापती आहे आणि त्याला 'साहेब' म्हणतात. जिल्हा परिषदेला लोक 'मिनी मंत्रालय' म्हणू लागले आहेत. चांद्याचे चंद्रपूर झाले आहे. मास्तरच्या बदलीसाठी माणसे सभापतीच्या ओसरीवर बसून असतात. नवी मालगुजारीच म्हणा ना, असे मागच्या सीटवरचा प्रवासी पुटपुटतो. अगदी तशी नाही. ओसरीवर बसलेल्यांपैकी दर पाचव्या वर्षी कोणीतरी मनातल्या मनात हिशेब करतो, आणि सभापतीलाही तो हिशेब माहीत असतो.

१९७९

इथे उतरा. राज्यात शरद पवारांचे पुलोद आघाडीचे सरकार आहे. हातातल्या ट्रान्झिस्टरमधून आकाशवाणीचे नागपूर केंद्र बोलते आहे, पण आरमोरीच्या गटाचा, म्हणजे जिल्हा परिषदेच्या मतदारसंघाचा, निकाल रेडिओवर येणार नाही. तो सायकलवरून येईल. आला. गुलाल उडतो, हलगी वाजते, विजयी उमेदवार खांद्यावर.

पडलेला तुम्हाला चहाच्या टपरीवर सापडतो. चाळिशीचा, शिकलेला, हातात मतांचा कागद. गावागावांची बेरीज त्याने करून ठेवली आहे: वैरागडात किती कमी पडली, ठाणेगावात कोणी शब्द फिरवला, देलनवाडीकडे प्रचाराला जायला नदी कशी आडवी आली. रागावलेला नाही. उलट, त्याच्या डोक्यात पुढची निवडणूक सुरू झाली आहे. "कोन कुठं चुकला ते समजला," तो म्हणतो. "पाच वर्सांनी पाहू."

तुम्हाला पुढचे ठाऊक आहे. त्याला नाही. चहा संपवा आणि गप्प राहा.

गाडी सुटते, आणि आता ती थांबतच नाही. १९८४ यायला हवे होते, आले आणि गेले. तुम्ही घंटी ओढता. ड्रायव्हर आरशात पाहतो आणि मान हलवतो. निवडून आलेल्यांच्या मुदती वाढत गेल्या, पुढे प्रशासक आले. खिडकीबाहेर मात्र किती काय घडते आहे. १९८० च्या वनसंवर्धन कायद्याने जंगलातून जाणारा प्रत्येक रस्ता आणि कालवा दिल्लीच्या परवानगीशी बांधला. त्याच सुमारास गोदावरी ओलांडून नक्षलवादी दक्षिणेकडच्या जंगलात शिरले. २६ ऑगस्ट १९८२ ला चंद्रपूरचे दोन तुकडे झाले आणि गडचिरोली जिल्हा झाला; आरमोरीहून जिल्ह्याचे ठिकाण आता सकाळी जाऊन दुपारी परतण्याइतके जवळ आले. १९८५ मध्ये अनुसूचित क्षेत्राचा आदेश निघाला. आरमोरी तालुक्यातली काही गावे त्यात आली, काही बाहेर राहिली. प्राचार्य पी. बी. पाटील यांच्या समितीने १९८६ मध्ये पंचायत राज्य कसे सुधारावे याचा जाडजूड अहवाल दिला.

ह्या झाडीने इतक्या उलथापालथी एका दशकात पूर्वी पाहिल्या नव्हत्या, आणि नेमक्या त्याच दशकात परिषदेचा कौल लोकांना एकदाही विचारला गेला नाही. १९७९ चा जिंकलेला माणूस या काळात वाईट वागला असे नव्हे. कदाचित त्याने चांगली कामे केली. पण टपरीवरच्या त्या चाळिशीच्या माणसाने केलेली बेरीज वहीतच पिवळी पडली.

१९९२

ब्रेक लागतो तेव्हा तुम्ही पुढच्या सीटवर आपटता. तेरा वर्षांनी गाडी थांबली आहे.

तोच माणूस शोधा. आता त्रेपन्नचा, चष्मा लागलेला. निकालाच्या गर्दीत आहे, पण मतपत्रिकेवर त्याचे नाव नव्हते. राज्याने महिलांसाठी तीस टक्के जागा राखीव केल्या आहेत आणि ज्या गटाची त्याने तेरा वर्षे वाट पाहिली, तो गट बाईसाठी सुटला, असे समजा. आतापर्यंत सभागृहात एखाददुसरी बाई असे, आणि निवडून कोणीच आली नाही तर सामावून घेण्याची सोय होती. आता जवळपास तिसरा हिस्सा बायका. त्याने बायकोला उभे केले. ती निवडून आली. हार त्याच्या गळ्यात पडतात, गुलाल त्याच्या टोपीवर, आणि ती पदर सावरत जीपच्या मागच्या बाजूला बसलेली, जणू दुसऱ्याच कुणाच्या लग्नाला आली आहे.

हे दृश्य तुम्ही कुठेतरी वाचले आहे आणि त्यावर हसलाही आहात. पण नियम लक्षात ठेवा, पडलेली शोधा. ती दारातून एकटी बाहेर पडते आहे. कोणाची तरी बायको म्हणून उभी नव्हती. गावात दारूभट्टीविरुद्ध बायका जमवणारी म्हणून उभी होती. थोड्या मतांनी गेली. तिच्याभोवती हळूहळू बायकांचे कोंडाळे जमते. रडारड नाही. कोणत्या गावाने किती दिली, हाच हिशेब तीही करते आहे. पुढच्याच वर्षी, १९९३ मध्ये, डॉ. अभय आणि राणी बंग यांच्यासह असंख्यांनी चालवलेल्या दारूमुक्तीच्या चळवळीनंतर गडचिरोली जिल्ह्यात दारूबंदी लागू होईल. गावोगावी त्या चळवळीला जी माणसे लागली, त्यांना आपल्यामागे किती लोक आहेत हे कुठेतरी आधी मोजून पाहावे लागले असणार. निवडणुकीत पडणे हीदेखील एक मोजणीच असते.

आणि जीपच्या मागे बसलेली बाई? परिषदेच्या पहिल्या सभेला तिच्यासोबत नवरा जाईल, पण आत त्याला बसू देणार नाहीत. मत मांडायला हात तिलाच वर करावा लागेल. पुढच्या थांब्यावर पाहा, ती पुढच्या सीटवर असेल.

१९९७ ते २०१२

चार थांबे, सगळे वेळेवर. यामागे एक कारण आहे. २४ एप्रिल १९९३ पासून ७३ वी घटनादुरुस्ती लागू झाली आणि कलम २४३ ई ने ठरवून टाकले की पंचायतीची मुदत पाच वर्षे, त्याहून अधिक नाही, आणि मुदत संपण्याआधी निवडणूक झालीच पाहिजे. १९७९ नंतरची तेरा वर्षे पुन्हा येऊ नयेत म्हणून घटनेत घातलेला हा खिळा. १९९४ मध्ये राज्य निवडणूक आयोग आला. इतर मागासवर्गीयांना सत्तावीस टक्के जागा मिळाल्या. २०१२ मध्ये निम्म्या जागा महिलांच्या. कागदी मतपत्रिका गेल्या, यंत्र आले. रात्र जागवणारा निकाल दुपारच्या जेवणाआधी लागू लागला. आणि दर थांब्यावर कोणीतरी पडत राहिला: मागच्या खेपेचा सभापती, त्याच्या मागच्या खेपेची अध्यक्षा, आमदाराचा भाचा, मालगुजाराचा नातू.

२३ फेब्रुवारी २०१७

गुरुवार. इथे दिवसभर थांबणार आहोत, पाण्याची बाटली घ्या. नोटाबंदीला तीन महिने झाले आहेत, तेव्हा जुन्या पाचशे-हजाराच्या नोटा काढूच नका. गुलाबी दोन हजारांची दिलीत तर सुट्टे मिळणार नाहीत. पळस फुलला आहे. धानाची मळणी संपली आहे. झाडीपट्टीची नाटके अजून सुरू आहेत, भिंतींवर वडशाच्या मंडळ्यांची पोस्टरे आणि त्यांच्या शेजारी उमेदवारांची. रंग दोन्हींचे सारखेच भडक. उद्या महाशिवरात्र, वैरागडच्या भंडारेश्वराला आणि तिकडे मार्कंड्याला जत्रा. निवडून आलेला उद्या पहाटे कुठे दिसणार, याचा अंदाज सगळ्यांना आहे.

मतदान सात दिवसांपूर्वी झाले, १६ तारखेला. आरमोरीसह उत्तरेकडचे तालुके पहिल्या टप्प्यात; अहेरी, भामरागडकडे २१ ला. राज्यात इतरत्र केंद्रे संध्याकाळपर्यंत उघडी असतात. ह्या जिल्ह्यात दुपारीच मतदान थांबते, कारण यंत्रे आणि माणसे अंधाराआधी जंगलाबाहेर पडायला हवीत. प्रत्येकाने दोन मते दिली आहेत, एक जिल्हा परिषदेच्या गटासाठी, एक पंचायत समितीच्या गणासाठी. एकूण ५१ गट, १०२ गण.

तालुक्याच्या ठिकाणी मतमोजणी सुरू आहे. बांबूचे कठडे, पलीकडे बंदूकधारी पोलीस, अलीकडे जोगीसाखरा, वडधा, मानापूर, देलनवाडीहून आलेली माणसे. लाउडस्पीकर खरखरतो, "पहिली फेरी..." आणि क्षणभर सगळे तोंडातली सुपारी चघळायचे थांबतात. आकडे वाचले जातात. पुढची फेरी. आतल्या प्रतिनिधीकडे मोबाइल नाही, पण निकाल व्हॉट्सॲपवर बाहेर आलेला असतो, कधीकधी लागण्याआधीच. "लीड तुटला गा!" कोणीतरी ओरडते. दुसरा म्हणतो, "थांब नं, आपले गाव अजून मोजाचेच आहे."

इंग्लंडमध्ये निवडणुकीचा निकाल सांगताना अनेकदा एक रीत पाळतात. सगळे उमेदवार, पडलेलेसुद्धा, मंचावर ओळीने उभे राहतात, निवडणूक अधिकारी प्रत्येकाच्या नावापुढची मते मोठ्याने वाचतो, आणि पडलेल्याला ते सर्वांसमोर ऐकून घ्यावे लागते. आपल्याकडे अशी ओळ नाही. आपला पडलेला गर्दीतून सटकतो. म्हणून त्याला शोधावे लागते.

आज तो तहसिलीच्या कंपाउंडला टेकून उभा आहे. मागची पाच वर्षे सदस्य होता. गाडीत बसायच्या आधी तोंडावर पाणी मारतो. तेवढ्यात एक म्हातारी त्याला गाठते. तिला अजून कळलेले नाही, किंवा कळूनही फरक पडत नाही. "भाऊ, माह्या घरकुलाचा काय झाला?" तिच्यामागे दुसरा: धानाचे चुकारे अजून खात्यात आलेले नाहीत. तिसऱ्याचा बैल वाघाने मारला, पंचनामा झाला, पैसे नाहीत. तो तिघांकडे पाहतो. मग समोर डीजेच्या तालावर नाचत येणाऱ्या मिरवणुकीकडे बोट दाखवतो. "आता त्याले विचारा."

इथे थांबा. तुम्ही ज्यासाठी तिकीट काढले, ते हे. घरकुलाची फाइल एका माणसाच्या डोक्यावरून दुसऱ्याच्या डोक्यावर गेली, आणि तिथे ती म्हातारीने ठेवली. तिच्या मताने ठेवली. मिरवणुकीतला माणूस अजून गुलाल पुसतो आहे, आणि म्हातारी त्याच्या दिशेने चालायला लागली आहे.

बाकीच्या बातम्या संध्याकाळपर्यंत कळतील. जिल्ह्यात भाजप २०, काँग्रेस १५, आदिवासी विद्यार्थी संघ ही स्थानिक संघटना ७. ५१ पैकी बहुमताला २६ लागतात, म्हणजे सर्वांत मोठा पक्षही एकटा पुरा पडला नाही. मार्चमध्ये भाजपच्या योगिता भांडेकर अध्यक्ष होतील आणि आदिवासी विद्यार्थी संघाचे अजय कंकडालवार उपाध्यक्ष. भामरागडकडून ग्रामसभांनी उभा केलेला उमेदवार, माडिया समाजातले वकील लालसू नोगोटी, निवडून आले आहेत. मोठ्या पक्षांच्या चिन्हांना तिथल्या गावांनी बाजूला ठेवले. आणि मुंबईहून एक गंमत: महापालिकेच्या २२० क्रमांकाच्या प्रभागात शिवसेनेचे सुरेंद्र बागलकर आणि भाजपचे अतुल शहा यांना सारखीच मते पडली, शेवटी चिठ्ठी टाकली आणि शहा निवडून आले. त्या दिवशी महाराष्ट्रात मोठमोठी माणसे एका चिठ्ठीवर, एका गावावर, एका फेरीवर पडली. आमच्या कंपाउंडला टेकलेला माणूस त्यांच्यातलाच एक.

पुढे

गाडी सुटते. २०२२ चा मार्च दिसू लागतो. मुदत संपली, खिळा ठोकलेला आहे, ब्रेक लागणारच. तुम्ही उठून दारापाशी उभे राहता.

गाडी थांबत नाही.

मार्च २०२२ मध्ये परिषदेचे दरवाजे सदस्यांसाठी बंद झाले. मुख्य कार्यकारी अधिकारीच प्रशासक झाले, पंचायत समितीत गटविकास अधिकारी. कारण साधे नाही, आणि ज्यांना ते साधे वाटते त्यांनी गडचिरोलीचे आकडे पाहावेत. २०११ च्या जनगणनेनुसार जिल्ह्यात अनुसूचित जमाती सुमारे ३८.७ टक्के, अनुसूचित जाती सुमारे ११.३ टक्के. लोकसंख्येच्या प्रमाणात जागा दिल्या की दोघांची बेरीज पन्नासवर येऊन ठेपते. सर्वोच्च न्यायालयाने ४ मार्च २०२१ ला विकास गवळी प्रकरणात सांगितले की इतर मागासवर्गीयांचे आरक्षण द्यायचे तर मागासलेपणाची पाहणी करा, प्रमाण ठरवा आणि एकूण आरक्षण पन्नास टक्क्यांपुढे नेऊ नका. म्हणजे गडचिरोलीत इतर मागासवर्गीयांच्या वाट्याला जवळपास शून्य. आरमोरी, वडसा, गडचिरोलीच्या पट्ट्यात कुणबी, तेली, माळी गावेच्या गावे आहेत. त्यांनी आपला हक्क सोडावा असे कोण म्हणेल? आदिवासींच्या जागा कमी कराव्यात, असे तरी कोण म्हणेल? वाद खरा आहे, दोन्ही बाजूंना खरी माणसे आहेत. पण हा वाद सुटेपर्यंत निवडणूकच नको, असे ठरले, आणि त्यात हरली ती दोन्ही बाजूंची माणसे.

१३ जानेवारी २०२६. राज्य निवडणूक आयोगाने बारा जिल्हा परिषदांच्या निवडणुका जाहीर केल्या आहेत. पुणे, सातारा, कोल्हापूर, लातूर, परभणी. यादीत आरक्षण पन्नास टक्क्यांच्या आत असलेलेच जिल्हे आहेत. गडचिरोली नाही. गाडी धावतेच आहे, तेव्हा चालत्या गाडीतून उतरा. सांभाळून.

आरमोरी शहरात तीन आठवड्यांपूर्वीचा गुलाल अजून नाल्यांच्या कडेला दिसतो. नगर परिषदेचा निकाल २१ डिसेंबर २०२५ ला लागला. इथे कोणी जिंकले, कोणी पडले. ठाणेगाव इथून हाकेच्या अंतरावर, पण ते नगर परिषदेत नाही. तिथल्या माणसाने शहरातली मिरवणूक पाहिली आणि तो घरी गेला.

पंचायत समितीच्या आवारात एक मुलगी भेटेल. २०१७ च्या त्या गुरुवारी ती सतरा वर्षांची होती, वर्षभराने मत चुकले. आता सव्वीसची. लोकसभेला दोनदा मत दिले, विधानसभेला दोनदा. २०२४ ला आरमोरीत काँग्रेसचे रामदास मसराम निवडून आले आणि दोन वेळचे आमदार कृष्णा गजबे पडले, तेही तिने जवळून पाहिले. जिल्हा परिषदेला तिने एकदाही मत दिलेले नाही. तिच्या गावच्या शाळेत दोन शिक्षकांच्या जागा रिकाम्या आहेत. तिने अर्ज लिहिला आहे. वर लिहिले आहे, "प्रति, मा. प्रशासक".

प्रशासक बहुधा भला माणूस असेल. अर्ज घेईल, पोच देईल, कदाचित शिक्षकही पाठवील. सदस्यांपेक्षा त्याची फाइल लवकर हलत असेल, असेही तुम्हाला इथे सांगणारे भेटतील, आणि ते खोटे बोलत नाहीत. पण अधिकाऱ्याची बदली होते आणि ती वरून होते. सदस्य पडतो, आणि त्याला खालून पाडतात. मालगुजारासमोर अर्ध्यावर थांबलेला मजूर, टपरीवर बेरीज करणारा माणूस, घरकुलवाली म्हातारी, यांच्या हाती एवढीच एक गोष्ट होती, आणि तिच्यासाठीच सगळे त्यांच्याकडे हात जोडून येत. चांगला कारभार नशिबाने मिळू शकतो. वाईट कारभाऱ्याला घरी पाठवण्याचा हक्क नशिबावर सोडता येत नाही. म्हणून तो घटनेत लिहून ठेवावा लागला होता.

तुम्ही तिला विचारता, निवडणूक लागलीच तर कोण यावे? ती अर्जाची घडी घालत म्हणते, "कोनी का येईना. एकदा येऊ तर द्या. नाही जमला तर पाडू."